तीन मुलांची आई

दफनभूमीच्या कचेरीत कोणती खुर्ची डुलते आणि कोणत्या खुर्चीचा खिळा पँटला लागतो, हे भाच्याला आता पाठ झालं होतं. इतके खेटे घातले होते त्याने. खिडकीजवळची बरी होती, ती ओढून तो बसला आणि पिशवीतून तेच कागद पुन्हा बाहेर काढले.

"मॅडम, एवढं एकदा बघा."

"बघितलंय हो," कारकून बाई म्हणाल्या. चष्मा साखळीला बांधलेला, तो त्यांनी नाकावर चढवलासुद्धा नाही. "मला आता माझ्या आजीपेक्षा तुमची आजी जास्त पाठ झालीय."

भाचा हसला नाही. सकाळपासून एका कंपनीत झेरॉक्सचं मशीन उघडून बसला होता, नखांत काळी पूड होती, पाठ धरली होती. दुरुस्तीची कामं उरकायची आणि मधल्या वेळात इथे यायचं, हे महिनाभर चाललं होतं.

मामला असा होता. आत्याचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचं मागणं एकच होतं, मला आईच्या थडग्यात ठेवा. जुनी दफनभूमी भरलेली. नवी मोठ्या रस्त्यापलीकडे, गोदामांच्या मागे, तिथे कुणाचं कुणी नाही. जुनीत शिरायचा एकच मार्ग होता: आईबापाचं थडगं पोटच्या मुलासाठी उघडता येतं. तेवढं सिद्ध करायचं. पोटची मुलगी आहे म्हणून.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, आणि बोट नाचवत पुन्हा सुरू झाल्या, जसं शाळेत ढ पोराला समजावतात. "तुमच्या आत्याचा जन्म या साली. बरोबर? दगडावर तुमच्या आजीचं साल त्याच्या आदलं. म्हणजे आजी गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. होतं का असं?"

"पण तुमच्याच नोंदवहीत लिहिलंय ना, की आजी दोन वर्षांनी गेली. आत्याच्या जन्मानंतर."

"वही मूळची नाही. मूळची कधीच भिजून लगदा झाली. ही कुणीतरी उतरवून काढलेली आहे, आणि ज्याने उतरवली त्याने साताचे एक केलेत आणि एकाचे सात. एका माणसाला तर त्याने दोनदा पुरलंय." त्यांनी उसासा सोडला. "म्हणून नियम केलाय. वही आणि दगड जुळले नाहीत तर दगड खरा."

"दगडावर पण माणसानेच लिहिलं ना?"

"पण दगड भिजत नाही."

भाच्याने जन्माचा दाखला पुढे सरकवला. बाईंनी तो तसाच मागे सरकवला. त्यावर आईचं नाव होतं, पण घरी हाक मारायचे ते. दगडावर लग्नातलं. "याचं एक वेळ प्रतिज्ञापत्रावर भागवू," त्या म्हणाल्या. "सालाचंही काहीतरी बघू. पण मुलांचं काय करायचं?"

दगडावर नाव होतं, साल होतं, आणि खाली एक ओळ: तीन मुलांची आई, शांत झोप.

"अर्जात तुम्ही चार लिहिलीत. तीन भाऊ आणि ही. दगड म्हणतो तीन." बाईंचा आवाज जरा खाली आला. "मला वाईट वाटतं हो. पण साहेब हेच विचारणार. मग ही चौथी कुठून आली?"

भाचा कागद गोळा करायला लागला.

"आणि तो फोटो नीट काढून आणा. यात नुसतं ऊन आलंय. नाकारायचं म्हटलं तरी फाइलला स्पष्ट फोटो लागतो."

*

आत्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाप गेल्यापासून भाचा तिच्याकडेच राहायचा. तो आत आला तेव्हा ती उशांना टेकून बसली होती आणि शेजारीण ठेवून गेलेल्या चहावर साय धरली होती.

"काय म्हणाली तुझी मॅडम?"

"साहेब रजेवर आहेत."

"ढब्बू," ती म्हणाली. लहानपणी तो गोल होता, आता काडी झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. "तुला खोटं बोलता येत नाही. तुझ्या बापालाही यायचं नाही. त्याला फक्त चिडवता यायचं."

त्याने बूट काढले, खाली बसला आणि सांगून टाकलं. सालाचं, वहीचं, चौथीचं. ती ऐकत राहिली. मधे एकदा पाणी मागितलं.

"म्हणजे कचेरीसुद्धा तेच म्हणते," ती म्हणाली.

"तेच म्हणजे?"

"मी त्यांची नाही ते. तिघं मला हेच सांगायचे. थोरला म्हणायचा, तुला बाबांनी दगड कोरायच्या आवारातल्या कपच्यांच्या ढिगातून उचलून आणलं. मधला म्हणायचा, नाही नाही, कुणीतरी गिऱ्हाईक विसरून गेलं. आणि तुझा बाप, तो तर मला दगडापाशी नेऊन दाखवायचा. मोज म्हणायचा. एक मी, दोन हा, तीन तो. संपली मुलं. तू दिसतेस का कुठे?"

"चिडवायचे गं."

"चिडवायचेच. थोरल्याला तर नक्की माहीत असणार, तो मोठा होता आई गेली तेव्हा. पण कधी धड सांगितलं नाही त्याने. मी विचारलं की हसायचा. आता तिघंही गेले हसत हसत. विचारू कुणाला?" ती जरा थांबली, दम लागला होता. "मी दोन वर्षांची असेन. मला तिचा चेहरा आठवत नाही, वास आठवत नाही, काही नाही. माझ्याकडे तो दगड तेवढा आहे, आणि त्या दगडावर मी नाही."

"साल चुकलंय त्यावर. आकडाही चुकला असेल."

"कोरलाय कुणी?"

दगड आजोबांनीच कोरला होता. आजोबा अक्षरं कोरायचे. दफनभूमीच्या मागच्या बाजूला आवार होतं, तिथे एक जण दगडावर पेन्सिलीने अक्षरं आखून द्यायचा आणि आजोबा छिन्नीने कोरायचे. आत्या लहानपणापासून त्यांच्या हाताचं कौतुक सांगत आली होती. लांबून लोक यायचे. दगड कसाही द्या, रेघ हलायची नाही.

"दुसऱ्या कुणी कोरला असता ना," आत्या म्हणाली, "तर मी म्हटलं असतं, झाली चूक. पण बाबांचा हात जन्मात चुकला नाही. त्याने तीन कोरलंय तर त्याला तीनच म्हणायचं होतं. आई गेली, हे दोन वर्षांचं लोढणं मागे राहिलं. नसेल मोजलं मला."

"असं काही नसतं, आत्या."

"सोड आता ते. त्या गोदामांमागे टाक मला. तिथे निदान कुणी मोजत बसणार नाही."

"फोटो मागितलाय परत. नाकारायला."

"मग आण बाबा चांगला काढून," ती म्हणाली आणि डोळे मिटले. "नाकारू दे नीट."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपवून तो दफनभूमीत गेला. ऊन डोक्यावर होतं, अक्षरं दिसत नव्हती, दगड नुसता पांढरा फटक. ऊन तिरपं होईपर्यंत थांबायला हवं होतं. तो शेजारच्या कट्ट्यावर बसला. बसला तो बसलाच. घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. नाकारल्याचा कागद घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं, मग ती काहीतरी विनोद करणार, आणि तो विनोद तिलाच लागणार.

रखवालदार लांबून बघत होता. शेवटी पाय ओढत आला.

"आजही इथेच? तुमची हजेरी माझ्यापेक्षा चांगली आहे."

"फोटो काढायचाय, काका. उन्हाची वाट बघतोय."

"उतरेल ऊन. ते कुठे जातंय. तोंड का एवढं पडलंय? इथे आहेत त्यांची तोंडं पडलेली शोभतात." रखवालदाराने हात पुढे केला. "उठा. तुम्हाला एक गंमत दाखवतो. इथे येणारा प्रत्येक जण रडून जातो, हा दगड बघून हसून जातो."

नको म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून भाचा उठला.

भिंतीलगतच्या रांगेत एक काळा दगड होता, भरदार. कुणा दुकानदाराचा. वर नाव, खाली जन्म, मृत्यू, खाली 'सर्वांचा लाडका' वगैरे. सगळं देखणं, एका मापाचं. आणि सगळ्यात खाली, तितक्याच देखण्या अक्षरांत, तितकंच खोल कोरलेलं:

इथे दोन बोटं जागा सोड.

भाच्याला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तो असा हसला, की महिनाभरात पोटात जे साठलं होतं ते सगळं त्या हसण्यातून बाहेर आलं. रखवालदारही खूश झाला.

"सांगितलं ना. आखणाऱ्याने कोरणाऱ्यासाठी खूण लिहिली, आणि त्या पठ्ठ्याने खूणच कोरली. घरच्यांनी पाहिलं तोवर दगड उभा राहिलेला. पण पोरं भली, म्हणाली राहू दे, बापाला विनोद आवडायचे."

"पण कुणी असं कसं..." भाचा डोळे पुसत खाली वाकला, आणि हसू तिथेच थांबलं.

दगडाच्या खालच्या कोपऱ्यात तीन बारीक रेघा होत्या, चिमणीच्या पायासारख्या. कोरणाऱ्याची निशाणी. अशाच तीन रेघा आजीच्या दगडावर होत्या. या आजोबांच्या, हे आत्याने त्याला लहानपणीच सांगितलं होतं.

तो उकिडवा बसून राहिला.

एखादी ओळ चुकते, मान्य. डुलकी लागते, छिन्नी घसरते. पण ही घसरलेली नव्हती. प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा शांतपणे, वेळ घेऊन कोरलेली होती. अर्धा दिवस तरी गेला असेल. अर्धा दिवस माणूस 'इथे दोन बोटं जागा सोड' कोरत बसतो आणि त्याच्या लक्षात येत नाही?

भाच्याचं निम्मं आयुष्य मशिनी उघडण्यात गेलं होतं. त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. मशीन वाचत नाही. काचेवर ठेवाल ते उतरवतं. कागदावरचं पत्र उतरवतं, पत्रावर पडलेला केस उतरवतं, कडेला आलेलं साहेबाचं बोट उतरवतं, आणि सगळं सारखंच छान उतरवतं.

"काका," तो म्हणाला, "वाचता येणारा माणूस हे कोरेल?"

रखवालदाराने डोकं खाजवलं. "वाचता न येणारा माणूस अक्षरं कोरायचं काम कशाला करेल?"

भाचा उठून आजीच्या दगडापाशी परत आला. ऊन आता जरा कललं होतं. इतक्या वेळा आला, इतके फोटो काढले, पण हात कधी लावला नव्हता. त्याने तळवा वरच्या कडेला टेकवला आणि हळूहळू खाली आणला.

नाव खड्ड्यात होतं. खड्डा म्हणजे बोटभरही नाही, पण होता. नावापुरती पट्टी घासून खाली नेलेली, आणि मग त्यात नाव कोरलेलं. पट्टी संपली की दगड परत वर यायचा. साल वर होतं. तीन मुलांची आई वर होतं. त्याने गाल दगडाला लावून कडेने पाहिलं. आडनावाच्या शेवटी, पट्टीच्या काठावर, एक शेपटी उरली होती. या नावातल्या कुठल्याच अक्षराची नव्हती ती. आधीचं पान नीट न पुसलं गेल्यावर मशीन पुढच्या पानावर त्याची सावली सोडतं, तशी.

"हा दगड आधी दुसऱ्या कुणाचा होता," तो म्हणाला.

"थडगं उकरलं म्हणता?" रखवालदार दचकला.

"थडगं नाही हो. दगड. कुणासाठी तरी कोरला, नाव आखण्यातच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी घेतला नाही, आवारात पडून राहिला." बोलता बोलताच त्याला ते दिसत गेलं. "त्यांना मग दुसरा कोरून दिला असणार. काका, मुलं मोजून लिहिलेला आणखी एखादा दगड आहे का इथे? तीन मुलांची आई?"

"मोजून कोण लिहितं? लाडकी आई लिहितात, प्रेमळ आई लिहितात." मग तो विचार करत राहिला. "चला, बघू. मला तरी काय काम आहे."

दोघं रांगा धुंडाळत फिरले. भाच्याचे पाय बोलायला लागले, रखवालदार दर तिसऱ्या थडग्यापाशी थांबून त्या माणसाची हकिगत सांगायचा, ऊन उतरत गेलं. आणि पाण्याच्या टाकीमागे, झुडपाने निम्मा झाकलेला, तो सापडला. बाईचं नाव वेगळं. साल तेच, आजीच्या दगडावरचं. खाली ओळ तीच: तीन मुलांची आई, शांत झोप. 'ई'ला तोच लांब वळसा. कोपऱ्यात चिमणीचा पाय. आणि आडनावाच्या शेवटच्या अक्षराला एक शेपटी.

त्याने फोटो काढले. झुडूप बाजूला धरून परत काढले.

*

आत्याला सांगताना त्याने घाई केली नाही. फोटो एकेक करून दाखवले, मोठे करून. दुकानदाराचा दगड आला तेव्हा ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"हा मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणजे दगड नाही पाहिला. पण तो दिवस माहीत आहे. बाबा घरी आला तो न जेवता भिंतीकडे तोंड करून बसला. नेहमीचा आखणारा आजारी होता, दुसऱ्याच कुणी आखून दिलं होतं. तेव्हापासून तो मला आवारात न्यायचा. दगड पूर्ण झाला की म्हणायचा, वाच मोठ्याने, तुझी उजळणी होईल."

भाचा पुढे सरकला. "तुला माहीत होतं? आजोबांना वाचता येत नव्हतं ते?"

"तर काय."

"कधीपासून?"

"शाळेतून मी वही आणायचे. तो पानावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, अक्षरं बारीक आहेत पण एका उंचीची आहेत. शाबास. काय लिहिलंय ते कधी बोलला नाही. नापास झाले तेव्हाही म्हणाला, शाबास, एका उंचीची आहेत." आता मात्र ती जराशी हसली. "मग मला कळलं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगू? अक्षर कोरणाऱ्याला अक्षर येत नाही म्हणून? दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. भावांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं. तुझ्या बापाच्या पोटात जेवणाशिवाय काही राहायचं नाही."

"मग दगडाचं तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"कसं येणार? मला वाटलं, आखणाऱ्याला त्यानेच सांगितलं असेल, असं असं लिही. दुसरीचा टाकलेला दगड आपल्या बायकोला..." ती थांबली. फोटोतल्या त्या शेपटीवर बोट ठेवून बसली. "नवा घ्यायची ऐपत नसेल. चार पोरं घरात. वरचं घासलं आणि तिचं नाव घातलं. तेवढं एक नाव त्याला येत असणार, आकाराने. खालचं काय आहे ते माहीतच नाही. सगळ्याच दगडांवर खाली काहीतरी असतं. असेल काहीतरी चांगलंच, असं वाटलं असेल त्याला."

बाहेर जिन्यात कुणाचं तरी पोर पाय आपटत वर गेलं.

"एकदा काय झालं," आत्या म्हणाली, "मला नुकतं वाचता यायला लागलं होतं. तो मला तिच्या दगडापाशी घेऊन गेला. फक्त मला, भावांना नाही. मी वाचलं. तीन मुलांची आई. आणि तो मला विचारतो, कसा आहे दगड? ठीक आहे ना सगळं?" तिने पांघरूण वर ओढलं. "मला वाटलं, किती दुष्ट आहे हा. मला नाही मोजलं, आणि वर मलाच विचारतो. मी म्हटलं, छान आहे. आणि परत कधी त्याच्याबरोबर तिथे गेले नाही."

भाच्याने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"तो खरंच विचारत होता रे," आत्या म्हणाली.

*

कारकून बाईंनी या वेळी चष्मा चढवला. फोटो पुढे मागे करून पाहिले, दुकानदाराच्या दगडापाशी तोंडावर पदर धरला, आणि मग कपाटातून एक कागद काढला. दगडावरील मजकूर दुरुस्तीचा अर्ज.

"दगड दुरुस्त झाला की जुळतं सगळं. वही तुमच्या बाजूची आहेच. तिनाचे चार करायचे, साल बदलायचं, संपलं." त्यांनी बोटाने एक रकाना दाखवला. "इथे चुकीचं कारण. सरळ लिहा, कोरणाऱ्याची चूक. सगळे तेच लिहितात, साहेब न वाचता सही करतात. दुसरं काही लिहिलंत तर चौकशी लागेल, आणि चौकशी म्हणजे..." त्यांनी छताकडे पाहिलं. "आत्याबाईंना किती वेळ आहे?"

"फार नाही."

"मग कोरणाऱ्याची चूक."

संध्याकाळी त्याने अर्ज आत्याच्या पुढ्यात धरला. सगळं भरलं होतं, सही तेवढी हवी होती. तिने वाचायचा चष्मा लावला आणि हळूहळू वाचत खाली आली. कारणाच्या रकान्याशी थांबली.

"हे खोड."

"आत्या, हे असलं की लगेच होतं. नाहीतर चौकशी."

"कोरणाऱ्याची चूक नाही झालेली."

"मलाही माहीत आहे. कागदापुरतं आहे गं. आणि खरं लिहायचं तर काय लिहायचं, अडाणी होते म्हणून? तू जन्मभर झाकलंस ते."

"झाकलं कारण त्याचं काम होतं. आता काम नाही आणि तोही नाही." तिला धाप लागली. तिने हाताने त्याला थांब म्हटलं, आणि दम परत आल्यावर म्हणाली, "नीट ऐक. त्याला अडाणी म्हटलं तर तो मान खाली घालेल, पण हो म्हणेल. हात चुकला म्हटलं तर छिन्नी फेकून मारेल. ज्याने जे आखून दिलं, ते त्याने रेघेला रेघ कोरलं. एकही अक्षर वर नाही, खाली नाही. आणि मी त्याच्या बायकोशेजारी जाऊन झोपायला त्याच्या हाताला नावं ठेवू?"

"वेळ लागला तर? तुला..."

"थांबते मी. सांग तुझ्या मॅडमला, पेशंट थांबायला तयार आहे."

त्याने पाठ भिंतीला टेकवली. खूप दमला होता. चिडायलाही जोर लागतो, तेवढा नव्हता.

"लिही," आत्या म्हणाली. "कोरणाऱ्याला वाचता येत नव्हतं. दगड दुसऱ्या कुणाचा होता. कोरण्यात चूक नाही. एवढंच."

त्याने खोडलं आणि लिहिलं. रकाना लहान पडला, शेवटचे शब्द समासात गेले.

"एका उंचीचं काढ," ती म्हणाली.

चौकशी लागलीच. साहेब उन्हात येईनात, मग ते मीटिंगला गेले, मग त्यांचा गुडघा दुखला. भाचा रोज फोन करायचा, आत्या रोज विचारायची आणि रोज थोडं कमी खायची. शेवटी एका ढगाळ सकाळी कारकून बाईच साहेबांना जवळजवळ धरून घेऊन आल्या. साहेब म्हणजे जाड, घामेजलेला, कंटाळलेला माणूस. त्यांनी दुकानदाराचा दगड वाचला आणि पोट धरून हसले. मग भाच्याने त्यांचा हात धरून आजीच्या दगडावर ठेवला आणि वरून खाली आणला. पट्टीच्या काठाशी साहेबांचा हात अडखळला. त्यांनी पुन्हा एकदा स्वतःच फिरवून पाहिला. नंतर हसले नाहीत. गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली आणि निघून गेले.

आत्या जागी होती. त्याने कागद तिच्या हातात दिला. तिने तो वाचला नाही, उशीखाली सरकवला.

"साहेब हसले?"

"हसले. मग सही केली."

"हसू दे. बाकीचे पण हसतातच." ती कुशीवर वळली, भिंतीकडे. भाच्याला वाटलं झोप लागली. तो दिवा मालवायला उठला, तेव्हा ती म्हणाली,

"ढब्बू, चार करायला माणूस बघशील ना?"

"बघतो."

"या वेळी वाचता येणारा बघ."